तिसऱ्या मजल्याची वायर

आमच्या होस्टेलमध्ये लॅपटॉपला इंटरनेट हवं असेल तर आधी वायरकाकांसमोर जमिनीवर बसून मोठ्याने रंग सांगावे लागत. हे नियमाच्या पुस्तकात नव्हतं. नियमाच्या पुस्तकात अर्ज, दोन फोटो आणि वॉर्डनसरांची सही एवढंच होतं. पण सही घेऊन आलेला मुलगा रंग न सांगता ऑनलाइन गेला, असं कधी झालेलं ऐकिवात नव्हतं.

मी पहिल्या दिवशी खोलीत ट्रंक टाकली, चुलतभावाने वापरून वापरून दिलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीला एक भोक होतं आणि त्यातून करड्या वायरचं छाटलेलं टोक डोकावत होतं. दर सुट्टीत रंगारी यायचे आणि ब्रशच्या आड येते म्हणून वायर कापून टाकायचे. दर वर्षी. त्यांना कापू नका म्हणून कुणी सांगत नसे, कारण ते सांगायचं काम कोणत्या खात्याचं हे ठरलेलं नव्हतं. वायरलेस होतं, पण ऑफिसपुरतं. आमच्यापर्यंत पोचायला त्याला तीन भिंती आणि एक वॉर्डनसर ओलांडावे लागत.

माझा रूममेट शेवटच्या वर्षाला होता. त्याची दाढी त्याच्या अभ्यासापेक्षा जास्त वाढलेली, म्हणून सगळे त्याला दाढीवाला म्हणत. तो पडल्या पडल्याच म्हणाला, “जिन्याखाली जा. खोलीबाहेर वायरची वेटोळी दिसतील. दार वाजव आणि काका म्हण. सर म्हणालास तर आठवडाभर येणार नाहीत.”

काका आले. बुटके, सुकलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेनच्या जागी स्क्रूड्रायव्हर. रजिस्टर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “लॅपटॉपचा बारा अक्षरांचा नंबर असतो, तो तूच लिही. मी लिहिला आणि चुकला तर मला शिव्या देशील. तू लिहिलास तर तुझं तू बघशील.”

मग त्यांनी वायरचं वरचं साल काढलं. आत दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या आठ बारीक तारा. चुटकीसरशी पीळ सोडवून, अंगठ्याने सरळ करून त्यांनी त्या पंख्यासारख्या पसरल्या आणि एकेक चिमटीत धरू लागले.

“बस खाली. ही कुठली?”

“पांढरी. म्हणजे पांढऱ्यावर केशरी रेघ.”

“तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. ही?”

“तपकिरी.”

“ही?”

“निळी. काका, तुम्हाला माहीत नाही का?”

दाढीवाल्याने कॉटवर उगाच खोकल्यासारखं केलं.

“मला माहीत आहे रे शहाण्या. तुला माहीत आहे का ते बघतोय. उद्या टोक तुटलं की माझ्या नावाने बोंबलत खाली येता. त्यापेक्षा शिका काहीतरी. ही?”

आठही तारा ओळीने लावून त्यांनी त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या जॅकमध्ये सारल्या, पकडीत धरून दाबल्या. कट्ट. लॅपटॉपला जॅक लावला आणि बाजूचा इवलासा दिवा लुकलुकायला लागला. मी आईला फोन करून चेहरा दाखवला. ती म्हणाली, “तुझं राहू दे, मागची खोली दाखव. पसारा किती आहे ते कळेल.” काकांनी स्क्रीनच्या दिशेने हात जोडले आणि “नमस्कार ताई, पोरगं हुशार आहे,” असं ठोकून दिलं. आमची ओळख तेव्हा पंधरा मिनिटांची होती.

काकांच्या खोलीत मी हळूहळू रुळलो. जिन्याखालची खोली, छत तिरकं. मी उठताना दर वेळी डोकं आपटायचो आणि काका दर वेळी “आता उंची वाढली” म्हणायचे. एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरी आणि मुलीच्या लग्नाचा एक फोटो. सतराव्या वर्षी ते टेलिफोनच्या वायरीसाठी चर खणायला लागले होते. मग इथे आले, तेव्हा अख्ख्या होस्टेलला एकच फोन होता, पोर्चमध्ये. कुणाचा फोन आला की काका जिन्यात उभे राहून हाक मारायचे, आणि चेहऱ्यावरून त्यांना कळायचं की मुलगा पुन्हा हाकेची वाट बघेल की नाही. तो फोन गेला, कॉम्प्युटर आले, वायरी बदलल्या. काका तेच राहिले. एकूण चौतीस वर्षं. कोणत्या भिंतीत कुठून काय गेलंय हे इमारतीच्या नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. नकाशा तर हरवलाच होता.

“अजून चौदा महिने,” ते म्हणायचे. “मग वसाहतीत खोली. खिडकी असलेली. मरेपर्यंत माझी.”

त्याचं असं होतं की नोकरी पूर्ण केलेल्या माणसाला संस्थेच्या कामगार वसाहतीत कायमची खोली मिळायची. पण नोकरी पूर्ण व्हायला हवी. मध्येच काढलं, सोडली, अपात्र ठरला, तर जिन्याखालची खोलीही गेली आणि वसाहतीचीही.

“नाहीतर मुलीकडे जा ना काका.”

“तिच्याकडे दोन खोल्या. सासूसासरे, दोन पोरं, जावई. मी झोपू कुठे? सासऱ्याच्या कॉटखाली? रात्री त्याने पाय खाली सोडला तर मरेल बिचारा भीतीने.”

आम्ही दोघंही हसलो. मग ते स्टोव्हची वात खालीवर करत बसले.

आता माझ्या खोडीबद्दल. मला लहानपणापासून माणसांना चिमटे काढायची सवय. वर्गात गुरुजी फळ्यावर काही चुकले की मी सांगायचो नाही, त्यांना स्वतःला कधी कळतंय ते मजेत बघत बसायचो. त्याबद्दल मार खाल्लाय. सवय गेली नाही.

घात झाला तो उंदरांमुळे. तळमजल्यावरच्या इंटरनेटच्या कपाटातून तिसऱ्या मजल्याच्या तशाच कपाटापर्यंत एक जाड वायर जायची. आमच्या मजल्याच्या चौदाही खोल्यांचं इंटरनेट त्या एका वायरवर. ती उंदरांनी कुरतडली. काकांनी दोन दिवस खपून नवी वायर ओढली, इमारतीला वळसा घालून, नव्वदेक मीटर. टोकं लावायची वेळ आली तेव्हा दाढीवाला वर्गात होता, म्हणून मला बोलावलं.

दुपारची वेळ होती. काकांनी तारा पसरल्या. मी कंटाळलेलो, आणि रंग सांगून सांगून मला ते पाठ झालेले. काकांनी एक तार चिमटीत धरली.

“ही?”

ती निळी होती. मी म्हणालो, “हिरवी.”

आणि टपली खायला डोकं तयार ठेवलं.

टपली आली नाही. काकांनी ती तार हिरवीच्या जागी लावली आणि पुढची धरली. ती खरोखरची हिरवी होती, नव्या पानासारखी, आंधळ्यालाही दिसावी अशी. “ही?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते तारेकडे बघतच नव्हते. मान थोडी कलती करून ते माझ्या आवाजाकडे बघत होते.

“निळी,” मी म्हणालो.

कट्ट.

तीन मजले चढताना मी त्यांच्या मागून चाललो होतो. वर दुसरं टोक लावायचं होतं. आता खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडणार. मी डोकं चालवलं. एका टोकाला जे केलं तेच दुसऱ्या टोकाला केलं, तर प्रत्येक तार आपल्या जागेवरून निघून आपल्याच जागी पोचते. मग बिघडलं काय? म्हणून वरही निळीला हिरवी म्हणालो आणि हिरवीला निळी.

काकांनी टेस्टर लावला. एक डबी खाली, एक वर, आठ दिवे. एक ते आठ, ओळीने, एकामागून एक लागले.

“बघ,” काका म्हणाले. “दिवे दिसतात ना? रांगेत. माझं टोक कधी परत आलेलं नाही.”

संध्याकाळी मी दाढीवाल्याला विचारलं, “काकांना रंग दिसत नाहीत का रे?”

त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. “आज कळलं होय तुला? दोन वर्षं झाली. डोळ्यामागची नस सुकतेय. आधी रंग गेले, आता बारीक अक्षरं चाललीत. चष्म्याने काही होत नाही. इथला प्रत्येक सीनियर हे जाणतो आणि ऑफिसातला एकही माणूस जाणत नाही. तसंच राहायला पाहिजे. ते विचारतात, आपण सरळ सांगायचं. एवढंच काम आहे आपल्याला. तू सरळ सांगितलेस ना आज?”

“हो,” मी म्हणालो.

मग त्याच वायरवरून, त्याच इंटरनेटवर मी शोधून बघितलं. तिथे चित्रासकट लिहिलं होतं. ज्या दोन तारांना एकमेकींचा पीळ आहे त्यांनी जोडीनेच काम करायचं असतं. मी निळी-हिरवीची केली तशी अदलाबदल होऊन जोडी फुटली तर टेस्टरवर सगळं ठीक दिसतं, जवळच्या जवळ चालूनही जातं, पण वायर लांब असली आणि गर्दी झाली की कोसळतं. लांब म्हणजे किती, तेही लिहिलं होतं. आमची त्यापेक्षा बरीच लांब होती.

दुसऱ्या दिवसापासून मजल्यावर कुरकुर सुरू झाली. पहाटे एकटादुकटा बसला तर चालायचं, सगळे बसले की रडायचं. काका टेस्टर घेऊन तीन मजले वर, तीन मजले खाली. आठही दिवे. मग त्यांनी कपाटातल्या, खोल्यांना इंटरनेट वाटणाऱ्या डब्यावर संशय घेतला, तो बदलायला अर्ज केला, अर्जही माझ्याकडूनच लिहून घेतला. मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

मी त्यांना सांगायला दोनदा गेलो. स्वतःच दुरुस्त करावं म्हटलं तर कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. आणि त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुम्हाला दिसत नाही हे मला माहीत आहे, आणि ते मी असं तपासून बघितलं? पहिल्यांदा गेलो तर ते मुलीशी फोनवर बोलत होते. दुसऱ्यांदा त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “तुझा आवाज चांगला आहे. रंग स्पष्ट सांगतोस. दाढीवाला यंदा जाईल. पुढचे सहा-आठ महिने मग तूच. काय?”

डोळ्यांबद्दल त्यांनी एवढंच मान्य केलं, तेही असं तिरकं. मी चहा पिऊन डोकं आपटून बाहेर आलो.

शेवटच्या वर्षाचा पेपर ऑनलाइन होता. सकाळी दहाला, आपापल्या खोलीत बसून. आमच्या मजल्यावर शेवटच्या वर्षाचे नऊ जण. दहा वाजून चार मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये पहिली आरोळी उठली. दाढीवाल्याच्या स्क्रीनवर सातवा प्रश्न अर्धा उमटून थांबला होता. तो काही ओरडला नाही. हात मांडीवर ठेवून त्या अर्ध्या प्रश्नाकडे बघत बसला. काका धावत आले, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. टेस्टर लावला. आठ दिवे. खाली धावले. आठ दिवे. पुन्हा वर. दोन तास संपले आणि पेपर आपोआप बंद झाला.

दुपारी देखभाल खात्याच्या मॅडम आल्या. नवीन आल्या होत्या, स्वतः इंजिनिअर. त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या कपाटातून जॅक ओढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एका श्वासात म्हणाल्या, “हिरवी आणि निळी उलट आहेत.” खाली जाऊन दुसरं टोक बघून आल्या. तिथेही तेच.

“काका, इतक्या वर्षांचं काम तुमचं. आणि दोन्ही टोकांना हीच चूक?”

कॉरिडॉरमध्ये आम्ही बाराएक जण उभे होतो. काकांनी जॅक हातात घेतला, खिडकीकडे धरला, बघितल्यासारखं केलं. मग त्यांची नजर, जितकी होती तितकी, माझ्या बाजूला वळली आणि परत गेली. त्यांना कळलं होतं. टोक लावताना कोण बसलं होतं हे त्यांना आठवत नसेल असं कसं होईल?

“हो मॅडम,” ते म्हणाले. “माझ्याकडून झाली. वय झालं, घाई केली.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. “ठीक आहे. लेखी समज देते. पुन्हा व्हायला नको. पोरांचा पेपर परत घ्या म्हणून मी आजच लिहिते.” आणि वही मिटली.

संपलं होतं. एका कागदावर भागलं होतं. आणखी काही न बोलता सगळे जेवायला गेले असते.

पण पंधरा दिवस मी ते खोटं दडवून ठेवलं होतं, आणि वर हा माणूस माझ्या चुकीवर स्वतःचं नाव लावून मोकळा झालेला. मला रडू यायला लागलं. मी पुढे झालो.

“मॅडम, काकांची चूक नाही. रंग मी चुकीचे सांगितले.”

दाढीवाल्याने माझ्या पायावर पाय दिला. जोरात. उशीर झाला होता.

“सांगितले?” मॅडम म्हणाल्या. “सांगितले म्हणजे काय?”

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी खाली पडलेले तारांचे दोन तुकडे उचलले आणि काकांपुढे धरले. “काका, यातली हिरवी कुठली?”

काकांनी दोन्हींकडे पाहिलं. मग डावीकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं. ठाम, विचार करून ठेवल्यासारखं.

एक तुकडा केशरी होता आणि एक तपकिरी.

मॅडमनी तुकडे हळूच मुठीत घेतले. त्यांचाही चेहरा उतरला. “कधीपासून?”

“तुम्ही यायच्या आधीपासून,” काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “बाळा, तू खोलीत जा.”

डोळ्यांची तपासणी झाली. कागद आला, “या कामास अपात्र.” वसाहतीतल्या खोलीसाठी मॅडमनी दोनदा वर लिहिलं. दोन्ही वेळा नियमाचा आकडा उत्तरात आला. जिन्याखालची खोली आठ दिवसांत रिकामी करायची होती. नऊही जणांचा पेपर पुन्हा झाला, सगळे पास झाले. दाढीवाला खोलीत माझ्याशी बोलेनासा झाला. एकदाच बोलला, बॅग भरताना.

“खरं बोलायचं होतं तर त्या दुपारी बोलायचंस, वायर लावताना. नाहीतर नंतर त्यांच्या कानात सांगायचंस. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तुला कुणी विचारलं होतं?”



जायच्या दिवशी मी काकांची ट्रंक उचलायला गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही. भिंतीवरच्या वायरी तशाच ठेवल्या होत्या, फोटो तेवढा काढला होता. निघताना डोकं मी आपटलं नाही, आणि ते काही बोलले नाहीत. बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. पायरी आली की ते पायाने चाचपत. मी हात पुढे केला की तेवढ्यात त्यांचा हात खिशात जायचा.

स्टॉपवर बाकड्यावर बसलो. मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

“काका, मला वाटलं…”

“तुझा लॅपटॉप चालतोय ना आता?”

“हो.”

“वायर बदलली त्यांनी?”

“टोकं बदलली.”

“मग झालं.” खिसा चाचपत म्हणाले, “मुलीला सांगितलंय पंधरा दिवसांसाठी येतोय. जावयाला काय सांगायचं ते तिथे गेल्यावर बघू.”

बस वळणावर दिसली. पाटीवरचं नाव मी लांबूनच वाचलं. मी उठलो, ट्रंकेला हात घातला.

“काका, आली. हीच तुमची.”

काका उभे राहिले. माझ्याकडे मान हलवली, ऐकलं अशी. मग पलीकडे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईंकडे वळले.

“ताई, ही बस कुठली हो?”

बाईंनी पाटी वाचून दाखवली. मी सांगितलेलीच होती. काकांनी त्यांचे आभार मानले, माझ्या हातातून ट्रंक काढून घेतली आणि दाराची दांडी चाचपत वर चढले.